फळ्यावरचे गणित
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला 'विद्यार्थी आणि मेहनत' हा विषय दिला आहे. खरे तर मेहनतीवर बदलापूर गावात कोणाला भाषण द्यायची गरज नाही. पहाटेची लोकल पकडून रात्री दहाला घरी पोचणारी माणसे समोर बसली आहेत. म्हणून मी एकाच मेहनतीबद्दल बोलतो. अडलेल्या प्रश्नापाशी थांबून राहायची मेहनत. त्यासाठी डॉ. जयंत नारळीकरांची हकीकत सांगतो.

नारळीकर १९३८ साली कोल्हापुरात जन्मले, वाढले बनारसला. वडील तिथल्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले. शिकायला आलेले मोरूमामा त्यावर एखादे अवघड गणित लिहीत आणि वर लिहीत, हे जयंतला आव्हान. उत्तर सांगायचे नाही. गणित सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत ते तसेच फळ्यावर राहायचे. येता-जाता, जेवताना, झोपताना समोर तेच गणित! हाच मुलगा पुढे केंब्रिजला गेला, फ्रेड हॉएल यांच्यासोबत गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, १९६५ साली पद्मभूषण झाला, १९८८ साली पुण्याच्या आयुका संस्थेचा पहिला संचालक झाला. मे २०२५ मध्ये ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचे वडील प्राध्यापक, मामा गणिती, आमची दहा बाय दहाची खोली. बरोबर आहे तुमचे. नुसत्या मेहनतीने सगळे मिळते असे मी सांगणार नाही. घरची विद्या हे मोठे भांडवल असते आणि आपल्या पूर्वजांना ते पिढ्यानपिढ्या नाकारले गेले. पण परळच्या चाळीतली ती एक खोली आठवा. सुभेदार रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः आडवे होत. घरात जागा नव्हती, तर बापाने झोपेतून वेळ काढून दिला.

आपण काय करतो? पोर गणितात अडले की दोन मिनिटांत गाईड, नाहीतर मोबाईल. तरी नाही आले तर आपणच म्हणतो, "ह्याचं डोकंच नाही चालत." नववीतल्या पोराचा निकाल आपण बोर्डाच्या आधी लावतो! काही घरांत, आपल्यातल्याच, पत्रिकासुद्धा दाखवली जाते. नारळीकरांनी २००८ साली याची परीक्षा घेतली. पत्रिका बघून मूल हुशार की मतिमंद, एवढेच ज्योतिषांनी सांगायचे. २७ जणांनी उत्तरे पाठवली, त्यातली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी जुळली असती.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. तोवर नाव जगभर झालेले. म्हणून नारायण विनायक जगताप असे नाव घेतले आणि अक्षर ओळखू नये यासाठी पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले! आडनाव विचारून माणूस मोजणाऱ्या देशात त्यांनी कामाला पुढे केले. (आपल्या मुलांना आडनाव लपवावे लागू नये, हा मुद्दा निराळा. त्यावर पुन्हा कधी.)

शाळेतली मुले सही मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. म्हणजे सही पाहिजे तर आधी प्रश्न सुचला पाहिजे.

मुलांनो, समितीच्या परवानगीने विहाराच्या दाराशेजारी एक काळा फळा लावला आहे. आठवड्याला एक गणित. आजचे मी लिहून आलोय: १ ते १०० आकडे लिहिले तर ९ हा अंक किती वेळा लिहावा लागेल? पुढच्या रविवारच्या वंदनेपर्यंत ते कोणी पुसायचे नाही. आणि आईवडिलांनो, उत्तर येत असले तरी तोंडातून काढू नका.

जय भीम, नमो बुद्धाय!