सातबारा पाहिला, पण झोन पाहिला का?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. तरी आज गाड्या भाड्याने देण्याच्या धंद्यावर बोलणार आहे. आपल्या वस्त्यांमध्ये हा धंदा ओळखीचा आहे. कुणी ड्रायव्हर म्हणून सुरुवात करतो, मग पहिली गाडी घेतो, मग दुसरी, मग पाचवी. तोपर्यंत डोक्यात फक्त आरटीओ, परमिट आणि बँकेचा हप्ता असतो. गाड्या वाढल्या की जागेचा प्रश्न येतो, आणि तिथे मुलं अडकतात.

गेल्या वर्षी माझ्या खालाच्या मुलाला शहराच्या कडेला एक मोकळा प्लॉट भाड्याने मिळत होता. आठ गाड्या, एक पत्र्याची शेड, छोटं ऑफिस आणि गाड्या धुवायची जागा, एवढाच बेत होता. मालक म्हणाला, "सातबारा क्लिअर आहे, भाई." ते खरंही होतं. पण डिपॉझिट देण्याआधी आम्ही झोन दाखला काढला. प्लॉटचा मोठा भाग विकास आराखड्यातल्या नियोजित रस्त्यात जात होता. भावाने दुसरी जागा शोधली.

जमीन कोणाची, हे सातबारा सांगतो. त्या जमिनीवर काय करता येईल, हे झोन सांगतो. दोन्ही कागद वेगळे आहेत आणि दोन्ही लागतात.

बरेच जण म्हणतात, "आम्ही बांधकाम कुठे केलंय? गाड्याच तर उभ्या केल्यात." महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाची व्याख्या वाचा. जमिनीच्या किंवा इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हाही विकासच आहे. म्हणजे एक वीट न रचताही परवानगी लागू शकते. घराच्या जागेत गाड्यांचा तळ सुरू केला, तर वापर बदलला.

मग काय तपासायचं? पहिलं, जागा कुठल्या झोनमध्ये आहे: निवासी, व्यापारी, औद्योगिक, शेती की हरित? दुसरं, तिच्यावर रस्ता, बाग, शाळा असं काही आरक्षण आहे का? तिसरं, समोरचा रस्ता किती रुंद आहे? निवासी भागात कुठला धंदा चालेल, हे बऱ्याचदा रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. चौथं, ऑफिस, पार्किंग आणि गाड्यांची दुरुस्ती हे तीन वेगळे वापर आहेत. ऑफिस चालेल म्हणून दुरुस्तीही चालेल, असं धरू नका. राज्याच्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे.

परिवहन खात्याचा परवाना म्हणजे जागेची परवानगी नव्हे. ग्राहकाने स्वतः चालवायच्या गाड्या भाड्याने द्यायच्या असतील, तर केंद्राची १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे. तिच्यात किमान ५० गाड्यांची आणि पुरेशा पार्किंगची अट आहे. म्हणून आपला छोटा माणूस सहसा ड्रायव्हरसह टुरिस्ट परमिटवर धंदा करतो. पण दोन्ही वाटांवर जागेचा प्रश्न महापालिकेकडेच सुटतो.

आता मनातलं बोलतो. आपल्यातले कितीतरी जण अर्जच करत नाहीत. म्हणतात, "आपलं नाव वाचूनच फाइल बाजूला पडेल." भेदभाव नसतो, असं मी म्हणणार नाही. भाड्याने घर शोधलेल्या माणसाला ते सांगायची गरजही नाही. पण तोंडी नकाराशी लढता येत नाही, लेखी नकाराशी येतं. अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. परवानगी नाकारली तर कारणं लेखी द्यावी लागतात. नकार कळल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली अपील करता येतं. फाइल कुठे अडली, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने विचारता येतं आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं.

याउलट "साहेबांशी बोलणं झालंय" हे वाक्य कुठल्याच फाइलला लागत नाही. नगरसेवक बदलतो, अधिकारी बदलतो आणि शेड मात्र बेकायदाच राहते.

इथे बुलडोझरचा विषय टाळून चालणार नाही. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं की पाडकामाआधी कारणं दाखवा नोटीस आणि उत्तरासाठी किमान १५ दिवस द्यायला हवेत. हे संरक्षण मोठं आहे. पण रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला ते लागू नाही. आणि इतर ठिकाणीही नोटिशीने वेळ मिळतो, परवानगी मिळत नाही. नोटीस हातात पडेल तेव्हा उत्तर द्यायला आपल्याकडे कागद असला पाहिजे.

शेवटचा मुद्दा. शहराचा नवा विकास आराखडा तयार होतो, तेव्हा प्रारूप प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात. आपल्या मोहल्ल्यात वाहनतळ हवा, गॅरेजसाठी जागा हवी, हे सांगायची वेळ तीच असते. बिल्डर तिथे वेळेवर पोहोचतात. मोहल्ल्यातून किती सूचना जातात, हे तुम्हीच आठवून पाहा. नकाशा वाचता येणारी, मराठीत नीट अर्ज लिहिणारी मुलं-मुली आज या सभागृहात बसली आहेत. तेव्हा एक काम घरी न्या. ओळखीत ज्याचा गाड्यांचा धंदा आहे, त्याच्यासोबत या आठवड्यात झोन दाखल्याचा अर्ज भरा. आणि नवी जागा घेत असेल, तर दाखला हातात येईपर्यंत त्याला डिपॉझिट देऊ देऊ नका.