मावशीचा पदर

श्रोतेहो, बघायची गोष्ट आज ऐकवायची आहे, तेव्हा जरा डोळे मिटून घ्या.

चैत्रातली रात्र, गिरणाकाठच्या एखाद्या गावाची जत्रा. तमाशाचा गण आटोपलाय, गवळण रंगात आलीय. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात आणि त्यांच्यामागून मावशी येतेय. अंगात सदरा, धोतर, ओठावर मिशी. बाईपण काय ते डोक्यावरून घेतलेल्या एका उपरण्यात.

ती लगेच बोलत नाही. चार पावलं टाकते, कमरेवर हात ठेवून थांबते, उपरण्याचं टोक दातात धरते. मग नजर पहिल्या रांगेवरून उचलते आणि थेट मागं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलेल्या बायांकडं नेते. तिथं हशा पिकतो. आणि मग कुठं अहिराणीत शब्द फुटतो, ‘कथा चालनी व माय?’ म्हणजे, कुठं चाललीस गं बाई? तोवर अख्खं मैदान तिचं झालेलं असतं.

या थांबण्याकडं लक्ष द्या. मावशी रंगवणारा सोंगाड्या कच्चा असला, तर तो घाबरून तेवढी जागा बडबडीनं भरतो. मुरलेला मात्र लोकांना आपल्याला निवांत न्याहाळू देतो.

धुळे-जळगावकडच्या फडांत पूर्वी मावशीच नव्हे, नाचीही पुष्कळदा पुरुषच असे. आणि स्त्रीवेशाचं दुसरं टोकही आपल्याच जळगावाशी जोडलेलं आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी इथं राहिले, मेहबूबखाँकडं गाणं शिकले. पुढं १९११ साली ‘मानापमान’ या संगीत नाटकातली त्यांची भामिनी आली, १९१९ साली ‘एकच प्याला’मधली सिंधू. त्यांची पदर घेण्याची ढब घरंदाज बायका उचलत.

पदर मावशीकडंही आहे, पण काम उलटं. बालगंधर्व आतला पुरुष विसरायला लावत. मावशी तो क्षणभरही विसरू देत नाही. लाजता लाजता मिशीला पीळ देते! आपल्याकडं एकाला कला म्हणतात, दुसऱ्याला चावटपणा. मला हे पटत नाही. आधी लाजणं खरं वठलं नाही, तर त्या मिशीला कुणी हसणार नाही.

तेव्हा यंदा गावात फड आला तर पुढं जाऊन बसा. मोबाईल खिशातच राहू द्या. आणि मावशीनं तुमच्याकडं बघून काही विचारलं, तर मान खाली घालू नका, उत्तर द्या. जमलं तर अहिराणीत.