आंब्याच्या बागेत भाजीपाला



आंब्याची कलमे 33 फुटांवर लावली म्हणजे एकरात सुमारे 40 झाडे बसतात. त्यांचे नीट उत्पन्न हाती येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तोवर घरखर्चासाठी सावकाराचे दार धरावे आणि पुढे कर्जापायी मोहोरावरच बाग विकावी, ही दशा आम्ही पुष्कळ घरी पाहिली आहे.

मग मधली जमीन ओस का ठेवता? तीत घेवडा, चवळी, मेथी, कांदा करा. घेवडा-चवळीच्या मुळांवरील गाठींत हवेतला नत्र साठतो. म्हणून शेंगा तोडून झाल्या की वेल तेथेच गाडा. मात्र झाडाच्या आळ्यात भाजी लावू नका. भाजीला खतपाणी निराळे द्या, नाही तर झाडाच्या तोंडचा घास ती खाईल. झाडे फळावर आली म्हणजे मोहोरापूर्वी पाणी तोडावे लागते. त्या दिवसांत मध्ये पाण्याची भाजी नको. सावली दाटली की हळद, आले घ्या.

भाजी निंदणार, खुडणार घरची बाई. तेव्हा तिचा पैसा तिच्याच हाती द्या. हिशेब मुलामुलींकडून लिहवून घ्या. घरात आपली वही असली म्हणजे सावकाराच्या वहीवर अंगठा उठवावा लागणार नाही.