मुलांना उशाचा डोंगर दाखवा



आम्ही कामगार चळवळीतले. पगारवाढ, बोनस, कामाचे तास हे आमचे नित्याचे विषय. आमचे शिक्षणही शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापुढे अधिक झाले. अशा माणसाने बालशिक्षणावर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. पण आठ तासांच्या दिवसाची मागणी कामगाराने कशासाठी केली? उरलेल्या वेळात माणसासारखे जगता यावे म्हणून. आपल्या मुलाचे बोट धरून एखादा डोंगर पाहणे हे त्या जगण्यात येते की नाही? आमच्या मते येते. म्हणून हा विषय आमचाही आहे.

शाळांच्या सहली निघत नाहीत असे नाही. बस ठरते, वर्गणी ठरते, घसरगुंड्यांच्या एखाद्या करमणूक उद्यानात दिवस जातो. ज्याच्या बापाला वर्गणी झेपत नाही, ते मूल त्या दिवशी घरी बसते. जे जाते, तेही आपण कोणत्या भूमीवर राहतो हे न कळताच परत येते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातला हा प्रकार.

आमच्या मुंबईचेच उदाहरण घ्या. अंधेरीच्या पश्चिम भागात गिल्बर्ट हिल नावाचा काळा कातळ उभा आहे. उंची सुमारे २०० फूट. माथ्यावर गावदेवीचे देऊळ, वर जायला पायऱ्या, आणि भोवती झोपड्यांची व इमारतींची दाटी. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त लाव्हारस वर आला. तो निवताना आकसला, आकसताना त्याला भेगा पडल्या, आणि त्या भेगांनी त्याचे उभे, कोनदार खांब पाडले. अशाच खांबांचा एक प्रचंड खडक अमेरिकेत वायोमिंग प्रांतात आहे. डेव्हिल्स टॉवर त्याचे नाव. १९०६ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यास राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केले. तेथे दूरदूरची माणसे मुलाबाळांसह जातात. आमच्याकडे मात्र कातळाच्या सावलीत वाढणाऱ्या मुलालाही त्याची ही गोष्ट कोणी सांगत नाही.

ती सांगावी कशी? पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे सहा कोटी हा आकडा टाकून काही होत नाही. तो तुम्हांआम्हांलाही कोठे पेलतो! मूल हाताने शिकते. आम्ही युनियनच्या सभासदांची मुले घेऊन जातो तेव्हा आधी थाळीत चिखल पसरून तो उन्हात ठेवायला सांगतो. दोन दिवसांत त्यास भेगा पडतात. मुले त्या बोटाने मोजतात. मग कातळापाशी गेल्यावर फारसे बोलावे लागत नाही. “हा पण वाळला का?” असे तीच विचारतात. “वाळला नाही, निवला,” एवढेच आपण सांगावे. उंची फुटांत सांगू नये. तुझ्याएवढी, साडेतीन फुटांची, सत्तावन्न मुले एकाच्या डोक्यावर एक उभी केली, तर शेवटचे मूल माथ्याला पोचेल असे सांगावे. मुले हसतात, आणि विसरत नाहीत. एका फेरीत एकच गोष्ट दाखवावी. पण तेथेच पुन्हा जावे. उन्हाळ्यात तापलेला कातळ आणि श्रावणात पाणी ओघळणारा कातळ, हे मुलाच्या लेखी दोन धडे आहेत.

ही काही आमची नवी युक्ती नव्हे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले गुरे राखायला जात, शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गरिबाच्या मुलाच्या पायाखालची जमीन हेच त्याचे पहिले पुस्तक, हे त्या दोघींनी करून दाखविले.

आता जरा अवघड गोष्टीकडे येतो. या कातळाभोवतीचा दगड खाणवाल्यांनी वर्षानुवर्षे फोडून नेला. कातळापाशी उभे असताना एका मुलाने आम्हांस विचारले, “हा कोणी फोडला?” त्याचा आजा दगडखाणीत सुरुंगाची भोके पाडीत असे, हे आम्हांस ठाऊक होते. अशा वेळी “वाईट माणसांनी फोडला” असे सांगून मोकळे होणे सोपे असते. आम्ही तसे सांगितले नाही. आम्ही म्हणालो, “तुझ्या आजासारख्यांच्या हातांनी. शहराला रस्ते आणि घरे हवी होती, आणि त्याला भाकरी हवी होती. कोणता दगड फोडावा आणि कोणता राखावा, हे त्याला कोणी विचारले नाही.”

मित्रहो, आमच्या म्हणण्याचे सार एवढेच आहे. ज्याने घाम गाळला त्यास निर्णयात जागा नव्हती, आणि ज्याने निर्णय घेतला त्याने कातळाला कधी हात लावून पाहिला नसेल. २००७ साली मुंबई महापालिकेने गिल्बर्ट हिलला वारसास्थळाचा दर्जा दिला. हे चांगलेच झाले. पण कागदाला पहारेकरी लागतो, आणि लहानपणी त्या खडकाचे कोन मोजलेल्या मुलासारखा पहारेकरी दुसरा नाही. उद्या त्यास विचारले जाईल. न विचारल्यास तोच विचारायला लावील. संघटनेचा पहिला धडा आम्ही याहून वेगळा मानीत नाही.

गिल्बर्ट हिल प्रत्येक गावी नसते. पण कोठे देवराई असते, कोठे जुनी बारव, कोठे निघोजजवळच्या कुकडीच्या पात्रासारखे, पाण्याने आणि गोट्यांनी कोरलेले रांजणखळगे. त्यासाठी बस नको, वर्गणी नको. दहा मुले, दोन जाणती माणसे, पाण्याची कळशी आणि भाकरी एवढे पुरे. शेजारच्या बिगाऱ्याचे आणि मोलकरणीचे मूल मात्र त्या दहांत असू द्या. ते घरी राहिले, तर तुमची सहल झाली असे आम्ही म्हणणार नाही.