मधुमेह आणि डोळ्यांची यंत्रपरीक्षा



मधुमेहानें दृष्टि जाते, हें आपण ऐकलें असेल; ती कशी जाते, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल नांवाचा पातळ पडदा असतो. रक्तांत वाढलेल्या साखरेनें त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होऊन झिरपूं लागतात. पुढें नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात व डोळ्यांत रक्तस्राव होतो. दुर्दैव असें कीं, आरंभीं डोळा दुखत नाहीं, दिसणेंहि कमी होत नाहीं. रोगी तक्रार घेऊन येतो, तेव्हां बरेंच नुकसान होऊन गेलेलें असतें.

म्हणून मधुमेही माणसाच्या दृष्टिपटलाची दरसाल तपासणी व्हावी, असें वैद्यकशास्त्र सांगतें. परंतु बुलढाणा जिल्ह्यांत, घाटावर लोणार-मेहकरकडे काय किंवा घाटाखालीं शेगांव-मलकापुराकडे काय, खेड्यांतला शेतकरी कांहींच त्रास नसतां मजुरी बुडवून नेत्रतज्ज्ञाकडे कशाला जाईल? येथें यंत्राचें साहाय्य होऊं शकेल.

मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत झालेल्या एका चांचणीचे निष्कर्ष 2019 सालीं प्रसिद्ध झाले. असा कॅमेरा हाताळण्याचा अनुभव नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यानें स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यानें दृष्टिपटलाचीं छायाचित्रें घेतलीं, आणि त्याच फोनमधील कृत्रिम बुद्धिमत्तेनें इंटरनेटवांचून निर्णय दिला. 231 जणांत, तज्ज्ञाकडे पाठविण्याजोगा एकहि रोगी तिच्या नजरेंतून सुटला नाहीं. मात्र ज्यांना पाठविण्याचें कारण नव्हतें, अशा दर 100 जणांतील सुमारें 12 जणांस तिनें जाण्यास सांगितलें. आणि सौम्य विकारहि हिशेबांत धरला, तर 100 रोग्यांतील सुमारें 15 सुटले.

याचा अर्थ, यंत्र निवड करतें, उपचार करीत नाहीं. मोतीबिंदूमुळें छायाचित्र अस्पष्ट आलें, तर तपासणी झाली असें न मानतां तज्ज्ञाकडेच जावें. थायलंडमधील दवाखान्यांत अशाच एका यंत्रानें पांचांतील सुमारें एक छायाचित्र नाकारल्याचें 2020 सालीं प्रसिद्ध झालें. शिवाय, "पुढें दाखवा" असा कागद हातीं देऊन रोग्यास वाऱ्यावर सोडलें, तर ती तपासणी व्यर्थ होय. लेसर वा इंजेक्शनचे उपचार कोठें मिळतील, कोणत्या दिवशीं मिळतील, आणि सोबत कोण जाईल, हें त्याच वेळीं ठरलें पाहिजे.

आपणांपैकीं पुष्कळांचीं वडीलधारीं माणसें गांवीं असतात. पुढच्या खेपेस त्यांची साखर विचारतांना, डोळ्यांचें छायाचित्र केव्हां काढलें, हेंहि अवश्य विचारावें.