कमानीवरचा दिवा : मोटर निवडण्याआधी

आज एक छोटं, पण फसवं काम घेऊया.

वर्गात सूर्याचा मार्ग दाखवायचा आहे. प्लायवूडची अर्धगोल कमान, त्रिज्या १ मीटर. तिच्यावरून दिवा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकेल. १२ तासांचा दिवस आपण २ मिनिटांत दाखवणार, म्हणजे एका तासाला १० सेकंद. दिवा, मोटर आणि त्यांची गाडी मिळून वजन २ किलो. कमान उभी, आणि मुलं समोर बसलेली. मोटर कोणती घ्याल?

पहिला विचार येतो तो असा : कमानीच्या मध्यबिंदूवर मोटर, तिला १ मीटरचा दांडा, टोकाला दिवा. आता हिशेब करा. दांडा आडवा असताना २ किलो वजन १ मीटरवर, म्हणजे सुमारे २० न्यूटन-मीटर टॉर्क. शिवाय साध्या स्टेपर मोटरचं एक पाऊल १.८ अंशांचं, म्हणजे टोकाला ३१ मिलिमीटरची उडी! दिवा सरकणार नाही, उड्या मारेल. दुसऱ्या बाजूला तोलाचं वजन लावलं तर टॉर्क कमी होतो, पण उडी तेवढीच राहते.

लिनिअर ॲक्च्युएटरही सुचतो. पण तो सरळ रेषेत ढकलतो. समान लांबी ढकलली तरी कोन समान सरकत नाही, आणि पूर्ण १८० अंश तर एकट्याने अवघडच.

म्हणून मोटर गाडीवर ठेवा. कमानीच्या कडेने टायमिंग बेल्ट ताणून दोन्ही टोकांना पक्का करा. गाडीवर २० दात्यांची पुली. २ मिलिमीटर अंतराच्या दात्यांमुळे एका फेऱ्यात गाडी ४० मिलिमीटर सरकते. स्टेपरचं एक पाऊल आता ०.२ मिलिमीटर. टॉर्क लागतो जेमतेम ०.१३ न्यूटन-मीटर, दुप्पट धरा.

आम्ही हेच केलं, आणि तरी फसलो.

चाचणी घेतली ती माथ्यावर. तिथे रूळ आडवा असतो, वजन गाडीला खाली ओढत नाही. खरी परीक्षा टोकांजवळ, जिथे रूळ उभा होतो आणि सगळं वजन पुलीवर येतं. गाडी मावळतीकडे उतरत असतानाच वीज गेली. स्टेपरची पकड विजेवर असते. गाडी घसरली आणि टोकाच्या ठोकळ्यावर आदळली. खाली कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

मग मोटर बदलली. वर्म गिअरबॉक्सची डीसी मोटर घेतली, मिनिटाला सुमारे ४० फेऱ्यांची. सिंगल स्टार्ट वर्म गिअर सहसा उलटा फिरत नाही, म्हणून वीज गेली तरी गाडी जिथल्या तिथे. तरीही गाडीला सुरक्षेची दोरी बांधली. टोकाचे ठोकळे तर हवेतच.

एक प्रश्न उरतो. वीज परत आल्यावर गाडी कुठे आहे, हे यंत्राला कसं कळणार? पूर्वेच्या टोकाला लिमिट स्विच बसवा. सुरू होताच गाडी आधी तिथे जाईल, तिथून शून्य मोजेल. पुढचं एन्कोडर मोजेल.

तेव्हा कॅटलॉग उघडण्यापूर्वी तीन गोष्टी वहीत लिहा : वजन सर्वांत जास्त कुठे ओढतं, वीज गेल्यावर काय होतं, आणि परत आल्यावर मोजणी कुठून सुरू होते. मोटरचं नाव त्यानंतर.

तुम्ही कमान केलीत तर तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढी ती दक्षिणेकडे कलवा. दिल्लीला सुमारे २९ अंश, इंदूरला २३. विषुवदिनाचा सूर्य बरोबर तिथूनच जाईल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.