दोष कोणाचा आणि किती?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानावरून)



संमेलनाच्या आनंदाच्या प्रसंगी अपघात, मृत्यू आणि नुकसानभरपाई यांविषयी बोलणे कोणास अप्रशस्त वाटेल. तथापि आज आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांच्या दारात एखादे तरी वाहन उभे असते आणि घरातील कर्ता पुरुष वा कर्ती स्त्री रोज त्यावरून कामास जाते. अशा घरावर दुर्दैव ओढवले म्हणजे दुःखाच्या पाठोपाठ एक वाक्य कानी येते: “चूक तुमच्याच माणसाची होती, तुम्हांला काही मिळायचे नाही.” हे वाक्य खरे मानून कित्येक कुटुंबे दाव्याच्या वाटेसच जात नाहीत, अथवा समोर येईल तो आकडा मान्य करून कागदावर सही करतात. या वाक्यात सत्य किती आणि भ्रम किती, हे आपणांपुढे मांडावे एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. हा भ्रम निराधार नाही; एके काळी तोच कायदा होता. इंग्लंडमध्ये १८०९ साली एका खटल्याचा निकाल लागला. रस्त्यात आडवा टाकलेला वासा न दिसल्याने भरधाव जाणारा घोडेस्वार पडून जखमी झाला होता. वासा टाकणाराची चूक होती. पण स्वाराने सावधगिरी बाळगली असती तर वासा दिसला असता, म्हणून त्यास एक कवडीही मिळाली नाही. फिर्यादीचा तिळाएवढा दोष दिसला तरी सारा दावा बुडावा, असा तो नियम होता. १८४२ साली एका गाढवाच्या मृत्यूच्या खटल्यात, अपघात टाळण्याची शेवटची संधी ज्याच्या हाती होती त्याने भरपाई द्यावी, अशी वाट काढण्यात आली. अखेर १९४५ साली पार्लमेंटने कायदा करून ठरविले की, दोष दोन्हीकडे असल्यास दावा बुडू नये. ज्याचा जेवढा वाटा, तेवढीच रक्कम कमी व्हावी.

आपल्या देशातील न्यायालयांनी वाहन-अपघातांच्या बाबतीत हेच वाटणीचे तत्त्व स्वीकारले आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम १६८ अन्वये न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ भरपाई ठरवावयाची असते, आणि आपल्या माणसाचा दोष तीस टक्के ठरला तर उरलेले सत्तर टक्के मिळणे हेच न्याय्य होय.

आकड्यांनी हे स्पष्ट होईल. समजा, खाजगी नोकरीतील अडतीस वर्षांचा गृहस्थ दुचाकीवरून जात असता ट्रकच्या धडकेने मरण पावला. पगार दरमहा २०,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले आणि वृद्ध माता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घालून दिलेली आणि २०१७ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पक्की केलेली रीत अशी: भावी वाढीसाठी चाळीस टक्के मिळवावयाचे, म्हणजे २८,००० झाले, मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करावयाचा, म्हणजे २१,००० उरले, वर्षाचे झाले २,५२,०००, त्यास वयानुसार ठरलेल्या पंधरा या आकड्याने गुणावयाचे. एकूण ३७,८०,००० रुपये. अंत्यसंस्कार इत्यादींच्या ठरीव रकमा निराळ्या. आता मृताचा दोष पंचवीस टक्के ठरला तर ९,४५,००० वजा होऊन २८,३५,००० मिळतील. निम्मा ठरला तरी १८,९०,००० मिळतील. म्हणजे, “काही मिळायचे नाही” हे वाक्य खोटे. पण दोषाचा प्रत्येक टक्का या घराला ३७,८०० रुपयांस पडतो, हेही ध्यानात ठेवावे. खरा वाद होतो तो या टक्क्यांवरच.

हे टक्के कोण ठरवितो? न्यायाधिकरण, आणि तेही पुराव्यावरून. मृताचा दोष होता असे जो म्हणतो, त्याने तो सिद्ध करावयाचा असतो. २०१३ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रत्यक्ष पुरावा नसता केवळ पंचनाम्यात वाहने अमुक ठिकाणी आढळली एवढ्यावरून मृताचा दोष गृहीत धरता येत नाही. २०१८ साली असा एक प्रसंग न्यायालयापुढे आला की, रात्री रस्त्याच्या मध्यभागी, मागील दिवे वा कोणतीही खूण न ठेवता उभ्या केलेल्या टँकरवर मोटार आदळली होती. उच्च न्यायालयाने दोष निम्मा-निम्मा वाटला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून सारा दोष टँकरचालकाचाच ठरविला.

आणखी एक भेद अवश्य समजून घ्यावा. नियमाचा भंग ही एक गोष्ट आणि अपघातास कारण होणे ही दुसरी. चालकाजवळ परवाना नव्हता, एवढ्यानेच अपघातात त्याचा वाटा ठरत नाही, असे २००८ साली ठरले. दुचाकीवर तिघे बसले होते, एवढ्यानेच मागे बसलेल्याचा दोष ठरत नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा दुखापत वाढली हे दाखवावे लागते, असे २०२० साली ठरले. शिरस्त्राणाची गोष्टही याच तत्त्वाने पाहावी: पाय मोडला असता शिरस्त्राण नव्हते या म्हणण्यात अर्थ नाही, डोक्यास मार लागला असेल तर मात्र तो प्रश्न उभा राहतो.

तथापि यावरून कोणी असा अर्थ घेऊ नये की नियम मोडण्यास मुभा मिळाली. अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकास २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. शिवाय भरपाईने घर चालते, माणूस परत येत नाही.

आमच्या भगिनींनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. पती दुचाकी चालवीत आहे, पत्नी मागे बसली आहे, आणि पती व ट्रकचालक या दोघांच्याही चुकीने अपघात होऊन पत्नी जखमी झाली. अशा वेळी पतीचा दोष पत्नीच्या माथी मारता येत नाही. तिचा स्वतःचा काहीच दोष नसल्याने ती पूर्ण भरपाई दोहोंपैकी कोणाकडूनही मागू शकते. ते दोघे आपसांत काय वाटणी करतील ती करोत. २००८ आणि २०१५ सालच्या निकालांनी हे स्पष्ट केले आहे. पुष्कळ ठिकाणी याच मुद्द्यावर कुटुंबांची दिशाभूल होते.

जेथे दोष सिद्ध करणेच कठीण, तेथे १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ अन्वये, कोणाचाही दोष न दाखविता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळण्याची सोय आहे. पण येथे सावध असावे. ही रक्कम विमा कंपनीकडून कायद्यातील रीतीने स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील दावा संपुष्टात येतो. वरील उदाहरणातील विधवेने घाईने पाच लाख स्वीकारले, तर पंचवीस टक्के दोष मान्य करूनही मिळणाऱ्या अठ्ठावीस लाखांस ती मुकेल. तसेच लोकन्यायालयात झालेल्या तडजोडीवर अपील नाही. तडजोड वाईट नव्हे. पण हिशेब मांडल्यावाचून सही करणे वाईट.

म्हणून व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पहिली खबर, घटनास्थळाचा पंचनामा व नकाशा यांच्या नकला लौकर मिळवाव्या. पाहणाऱ्यांची नावे व पत्ते टिपून ठेवावे. पगाराचे व औषधोपचाराचे कागद जपावे. दावा आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही दाखल करता येतो, अपघाताच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही. २०२२ पासून कायद्याने सहा महिन्यांची मुदत सांगितली आहे. ती उलटू देऊ नये. स्त्रिया व बालके यांस, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. तो मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

शेवटी एक नाजूक गोष्ट. गेलेल्या माणसाची चूक कबूल करणे घरच्यांच्या जिवावर येते. ती त्याच्या स्मृतीची अप्रतिष्ठा वाटते. मग कोणी खोटा साक्षीदार उभा करतो, आणि खोटे उघडकीस आले म्हणजे खऱ्या पुराव्यावरचाही विश्वास उडतो. उलट कोणी लाजेने दावाच सोडून देतो, आणि मुलांचे शिक्षण थांबते. आमच्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. कायद्याने दोषाची वाटणी केली आहे ती याचसाठी, की सत्य सांगणाऱ्याचे सर्वस्व बुडू नये. आपल्या माणसाचा जो वाटा असेल तो मान्य करावा, आणि उरलेला वाटा ताठ मानेने मागावा. तो उपकार नव्हे, हक्क आहे.

ज्ञातीतील वकीलबंधूंस आमची विनंती आहे की, अशा घरी सांत्वनास जाल तेव्हा अर्धा तास कागद पाहण्यासाठीही द्यावा. ज्ञातिसंस्थेचे कार्य सत्कार-समारंभांपुरते नसून अशा वेळी पाठीशी उभे राहण्यातच तिचे सार्थक आहे.